बोल्टवरची रेघ

आमच्या घरात जे काही स्क्रूने किंवा नटबोल्टने बसवलेलं आहे, त्या प्रत्येकावर एक बारीक लाल रेघ आहे. पंख्याच्या दांड्यावर आहे, कुकरच्या कानावर आहे, माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी आहे. नवीन माणूस घरात आला की त्याला वाटतं, इथे कुणी लहान मूल नेलपॉलिश घेऊन हिंडून गेलंय. मूल नव्हे, आमचे हे.

त्यामागे शास्त्र आहे आणि ते मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. बोल्ट आधी घट्ट आवळायचा. मग त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सलग रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटते. डोक्यावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे. पाना न लावता, नुसतं बघून कळतं की हा सैल झाला. आणि नेलपॉलिश का, तर ते तेलापाण्याने जात नाही. बाटली माझीच. लेकीने तिच्या लग्नात हौसेने आणून दिली होती, मी एका नखाला लावून बघितली आणि आपल्याला शोभत नाही म्हणून ठेवून दिली. ती थेट यांच्या हत्यारांच्या पेटीत गेली.

हे नोकरीभर ड्राफ्ट्समन होते. इमारतींचे नकाशे हाताने काढायचे ते दिवस. यांची रेघ बघायला इंजिनियर टेबलापाशी येऊन उभे राहायचे, असं हे सांगतात. बाकीच्या गोष्टींना मी थोडं मीठमसाला धरून चालते, पण या गोष्टीवर माझा विश्वास आहे. मी शिवणकाम करते. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांचे अभ्रे. रेघ म्हणजे काय ते मला कळतं, आणि यांच्या रेघेसारखी रेघ मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सगळ्यांत जास्त रेघा आमच्या गाडीत. लेक शाळेत असताना घेतलेली ही गाडी. तिचा नमुना कंपनीने केव्हाच बंद केला, तिच्या रंगाला आता नावसुद्धा उरलेलं नाही. घरात तिला ‘बाईसाहेब’ म्हणतात. बाईसाहेबांचं सगळं हे स्वतः करतात. तेल बदलणं, प्लग साफ करणं, पट्टा बदलणं, ब्रेक. गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये एकेक बोल्ट निघाल्या क्रमाने ठेवायचा, आणि शेजारच्या खिडकीतून ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक मारायची, “अगं, जरा हे धर!” लोकांकडे सुट्टीच्या दुपारी माणसं झोपतात. आमच्याकडे मी बॅटरी धरून उभी असते, आणि ती नेहमी चुकीच्या जागी धरलेली असते.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी गाडी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जायची. डॉक्टर म्हणजे गॅरेजवाला. कुठलीही गाडी आली की हा मान हलवून म्हणतो, “ॲडमिट करावी लागेल,” म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण हात चांगला. एकदा त्याच्याकडून गाडी आणली आणि आम्ही पुतणीच्या लग्नाला निघालो. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून धूर. ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या आम्ही बायका रस्त्याच्या कडेला, आणि हे बॉनेट उघडून खोकतायत. इंजिनावर डॉक्टरचं हात पुसायचं फडकं राहिलं होतं, ते जळत होतं.

दुसरा कुणी असता तर जाऊन भांडला असता. यांनी ते अर्धं जळलेलं फडकं मला धुवायला लावलं. इस्त्री करायला लावली. घडी घालून गॅरेजात नेलं आणि डॉक्टरच्या हातावर ठेवून म्हणाले, “तुमचं काहीतरी आमच्याकडे राहिलं होतं.” डॉक्टर खो खो हसला. तो माफी मागता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. हसला, ते यांच्या वर्मी लागलं. त्या दिवसापासून हे त्या गॅरेजची पायरी चढले नाहीत, आणि मी बॅटरी धरू लागले.

तर मुद्दा असा, की गाडीतली एक गोष्ट माझ्याकडे आहे. काच धुवायच्या पाण्याची टाकी भरणं. त्या दिवशी मी बॉनेट उघडून पाणी ओतत होते आणि सहज शेजारी लक्ष गेलं. यांनी नुकतीच गाडीची बॅटरी बदलली होती. तिच्या पट्टीवरच्या बोल्टवर ताजी लाल रेघ होती, आणि ती वाकडी होती.

थोडीशी नव्हे. उसवलेल्या दोऱ्यासारखी, इकडून तिकडे, मध्ये एक ठिपका जाड. मी पाण्याचा जग खाली ठेवला आणि बघत राहिले. आधी वाटलं, घाईत काढली असेल. पण हे घाई करत नाहीत. घाई करणारा माणूस जळक्या फडक्याला इस्त्री करायला लावत नाही.

मग मी बघायला लागले. पाहिलं की सगळं दिसतं, फक्त पाहावं लागतं. हे चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचत होते. शर्ट सोडून टीशर्ट घालायला लागले होते, “गरम होतं” म्हणून. मी बटणं लावून पोट भरते, आणि नवऱ्याने बटणं लावणं सोडलंय हे माझ्या लक्षात आलं नाही. एकदा सोफ्यावर शेजारी बसले असताना मी सहज यांचा उजवा हात हातात घेतला. क्षणभरच. त्यांनी तो काढून घेतला आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा डोक्यावर होता.

मी विचारलं नाही. का विचारलं नाही, असं लेक नंतर मला रागावून म्हणाली. सांगणं सोपं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर हाताच्या जोरावर मान मिळवला, त्याला “तुमचा हात थरथरतो का हो?” असं विचारायचं म्हणजे काय, ते विचारायला उभं राहिल्यावर कळतं. ते लपवत होते, आणि लपवतायत तोवर त्यांना वाटत होतं की ते झालंच नाहीये. तेवढंही हिसकावून घ्यायला माझा जीव होईना. मी घाबरले होते, हे खरं.

त्यात लेकीचा फोन आला. लेक डोंगरापलीकडच्या शहरात असते. तिचे दिवस भरत आले होते, जावईबापूंना कामासाठी लांब जावं लागणार होतं, आणि तिला बाळंतपण आमच्याकडे हवं होतं. “बाबा, तुम्ही या ना घ्यायला,” ती म्हणाली. “बाईसाहेबांच्या मागच्या सीटवर मी पाय पसरून येईन. दुसऱ्या कुठल्या गाडीत मला मळमळतं.”

झालं. हे हवेत. दुसऱ्याच दिवशी नवे ब्रेक पॅड घेऊन आले. “डोंगरातला रस्ता आहे,” म्हणाले. “उतारावर सगळी भिस्त ब्रेकवर.” जणू मला ते माहीत नव्हतं.

त्या दुपारी मला हाक आली नाही. “अगं, जरा हे धर” नाही, काही नाही. मी मशीनवर बसले होते पण शिवत काही नव्हते. खिडकीतून पाना पडल्याचा आवाज आला. पुन्हा पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा. मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. संध्याकाळी हे आत आले. कपाळाला ग्रीस लागलं होतं, टीशर्ट घामाने भिजला होता, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला रडू यायचंच बाकी राहिलं.

“झालं,” म्हणाले. “आता दहा वर्षं बघायला नको.”

“छान,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गॅरेजात दाखवून घेऊ म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. का ते सांगितलं, की मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना कळणार, आणि आपल्या बायकोचा आपल्या हातावर विश्वास उरला नाही हेही. काही न बोलावं, तर त्या उतारावर त्या ब्रेकच्या भरवशावर पोटुशी लेक मागे बसणार. इकडे आड तिकडे विहीर, दुसरा शब्द नाही. आणि माझा स्वभाव असा, की दोन्हींपैकी एकात पडण्यापेक्षा मी गुपचूप तिसरीकडून पळते.

दुसऱ्या दिवशी हे जुन्या ऑफिसातल्या मित्रांकडे पत्ते खेळायला गेले. जाताना यांचं सगळं लक्ष खेळात असतं, मागे कुणी काय करतंय ते बघत नाहीत. मी हत्यारांच्या पेटीतून नेलपॉलिशची बाटली काढली, पर्समध्ये टाकली, आणि गाडी काढली. गाडी मलाही येते. यांच्यापेक्षा चांगली येते, असं माझं मत आहे.

डॉक्टर कुठल्याशा गाडीच्या पोटात शिरला होता. बाईसाहेबांचा आवाज ऐकून बाहेर आला.

“वहिनी! साहेब बरे आहेत ना? या गाडीला माझ्या दारात बघून वाटलं, एक तर साहेब गेले नाहीतर मी.”

“दोघंही आहात,” मी म्हणाले. “पुढचे ब्रेक बघायचेत. यांनी पॅड बदललेत, जरा तपासून द्या.”

“साहेबांनी बदललेत? मग तपासणारा मी कोण?” त्याला नुसतं निमित्त हवं होतं. “नको वहिनी. उद्या अजून एक फडकं इस्त्री होऊन येईल.”

“डॉक्टर, नखरे नकोत. माझी लेक या गाडीत बसणार आहे. पोटात बाळ घेऊन.”

तो हसायचा थांबला. जॅक आणला, डावं चाक काढलं. ब्रेकचा जो जड भाग चाकामागच्या तबकडीला दोन्हीकडून दाबतो, तो दोन बोल्टांवर बसलेला असतो. त्याने दोन्हींना पाना लावून जोर दिला. हलले नाहीत. “कडक,” तो म्हणाला. मग त्या बोल्टांवरच्या लाल रेघांकडे त्याचं लक्ष गेलं. यांच्या रेघा त्याला माहीत होत्या. त्याने रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच आयुष्यात काही न बोलता उठून उजव्या बाजूला गेला.

उजवीकडे वरचा बोल्ट जरा फिरला. खालच्याला पाना लावला आणि डॉक्टर थबकला. त्याने पाना बाजूला ठेवला, आणि तो बोल्ट मला नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला.

मी तिथल्या स्टुलावर बसले. डोंगरातला उतार, मागे पाय पसरून बसलेली लेक, आणि स्टिअरिंगवर हे, आपण सगळं नीट केलंय या आनंदात. मला त्या क्षणी यांचा भयंकर राग आला. तो राग फार टिकला नाही, पण आला होता.

“वहिनी,” डॉक्टर बोल्ट आवळत म्हणाला, “उगाच धीर सोडू नका. आत बघा. सगळं घासून पुसून, जिथे ग्रीस लागतं तिथेच ग्रीस. मी गिऱ्हाइकाचं इतकं करत नाही, खोटं कशाला बोलू. फक्त शेवटचा जोर कमी पडलाय.”

त्याने उजवीकडचे दोन्ही बोल्ट त्याच्या ताकदीने आवळले. अर्थात रेघा तुटल्या. आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी हे बॅटरी घेऊन, स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकामागे डोकावून प्रत्येक रेघ तपासतात. तुटलेली रेघ दिसली की संपलंच. म्हणून तर बाटली आणली होती. मी जुन्या रेघा पुसल्या, ब्रश बाटलीच्या तोंडाला निथळला, श्वास धरला, आणि नव्या ओढल्या. कापडावर खडूने रेघा ओढण्यात माझा जन्म गेलाय. सुरेख आल्या. बारीक, सलग, यांच्या हाताच्या असाव्यात तशा.

“काय हात बसलाय, वहिनी!” डॉक्टर म्हणाला. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. हे घरी यायच्या आत गाडी जागेवर होती, बाटली पेटीत होती, आणि मी पडद्याला चुण्या घालत होते.

निघायच्या आदल्या दिवशी यांनी तपासणी केली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. डावीकडे वाकले, बघितलं, उठले. उजवीकडे वाकले, आणि उठेचनात. बॅटरीचा उजेड एकाच जागी. मग परत डावीकडे गेले. परत उजवीकडे आले. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत आले आणि साबणाने हात धूत राहिले. हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

“सगळं ठीक?” मी विचारलं.

“ठीक,” म्हणाले.

मी मनात म्हटलं, निभावलं.

सकाळी निघताना यांनी किल्ली माझ्या हातात दिली. “तू चालव.” लग्नानंतर आजवर डोंगरातल्या रस्त्यावर यांनी मला गाडी चालवू दिली नव्हती. मी सीट पुढे ओढून बसले. हे शेजारी, हात मांड्यांखाली घालून, खिडकीबाहेर बघत. एरवी मी गिअर बदलला तरी सूचना येते. त्या दिवशी एक शब्द नाही. वर चढलो, उतार सुरू झाला. एका वळणावर समोरून मोठा ट्रक आला आणि मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, शांतपणे, थांबायची तशी थांबली.

“ब्रेक छान लागतोय,” हे म्हणाले.

“तुम्हीच तर केलेत,” मी म्हणाले.

“उजवीकडची रेघ माझी नाही.”

मी गिअर टाकून गाडी पुढे काढली. “काहीतरीच. कशावरून?”

“सरळ आहे,” हे म्हणाले. “डावीकडच्या दोन्ही वाकड्या आहेत. त्या माझ्या. इतकी सरळ रेघ मला आता येत नाही.”

पुढे कडेला जरा जागा होती, तिथे मी गाडी थांबवली. थांबवावीच लागली, मला रस्ता दिसत नव्हता. इतकं सांभाळून, इतकं मन लावून मी ती रेघ काढली होती, आणि ज्या माणसासाठी काढली त्याच्या हातात ती आता नाहीच, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मला आठवत होता तो यांचा जुना हात.

“डॉक्टरकडे नेलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“किती सैल होता?”

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. अगदी तोंडावर आलं होतं, की जरासाच हो, उगाच आपलं. पण बरेच दिवस आम्ही दोघं एकमेकांना जपत खोटं बोलत होतो, आणि त्याने आम्हाला कुठवर आणलं होतं ते समोर दिसत होतं. खाली सबंध दरी होती.

“बोटाने फिरला,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला. “ती मागे बसणार होती,” म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आता. “मला वाटलं, आवळला. सगळा जोर लावला मी. मला खरंच वाटलं, आवळला.”

“मला विचारायचं नाही? हे धर म्हणायचं नाही?” मी भडकले. रडण्यापेक्षा मला भडकणं सोपं जातं. “एवढी वर्षं चुकीच्या जागी बॅटरी धरायला मी चालते, आणि पाना धरायला नाही?”

“तुला कळलं असतं.”

“मला कळलेलंच होतं!”

“ते मला कुठे माहीत होतं,” हे म्हणाले. शेजारून गाड्या जात होत्या. एक जण काच खाली करून विचारून गेला, बंद पडली का म्हणून. हे लगेच ताठ बसले. “आमची गाडी बंद पडत नाही,” त्याला म्हणाले.

मला हसू आलं. डोळे पुसत मी गाडी चालू केली. बरंच अंतर गेल्यावर हे खिडकीकडे बघतच म्हणाले, “तो काही बोलला असेल. डॉक्टर.”

“बोलला ना. म्हणाला, आत सगळं घासून पुसून आहे. मी गिऱ्हाइकाचं इतकं करत नाही म्हणाला.”

“असं म्हणाला?”

“अस्संच.”

जरा वेळ गेला. “गिऱ्हाइकाचं इतकं करत नाही, असं म्हणाला?”

“अहो, हो!”

लेकीच्या घरी पोचेपर्यंत हेच त्यांनी अजून एकदा विचारलं.

लेकीला मुलगी झाली. नात महिन्याची झाली तेव्हा हे माझ्याबरोबर खऱ्या डॉक्टरकडे आले. औषधं चालू झाली. हात थांबला नाही, पण कशामुळे हलतो ते कळलं. कळल्यावर ते शर्टही घालायला लागले. बटणं मी लावते, आणि त्यावरून रोज आमचं भांडण होतं, कारण त्यांच्या मते मी वरून लावायला सुरुवात करते ते चूक आहे.

मग एक दिवस मागच्या ब्रेकमधून आवाज यायला लागला. यांनी अंड्यांचा ट्रे काखोटीला मारला, बाटली खिशात टाकली आणि म्हणाले, “चल.”

गॅरेजच्या दारात डॉक्टर आणि हे समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता बघायला नको. डॉक्टरने भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिच्यात ते अर्धं जळलेलं फडकं, माझ्या इस्त्रीच्या घडीसकट.

“बॉनेट लावायच्या आधी रोज बघतो, साहेब,” तो म्हणाला. “तेव्हा हसलो ते चुकलंच. घाबरलो होतो. घाबरलो की मी हसतो.”

“ही भडकते,” हे माझ्याकडे बघून म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

दोघांनी मिळून काम केलं. काम कमी, वाद जास्त. बोल्ट काढायचे डॉक्टरने, ट्रेमध्ये क्रमाने लावायचे यांनी. घासणं पुसणं यांचं, कारण डॉक्टर धसमुसळा आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. मला बॅटरी धरायला दिली, आणि ती चुकीच्या जागी धरल्याबद्दल आता दोघं ओरडत होते. शेवटी डॉक्टरने बोल्ट आवळले. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. यांनी पाना घेऊन वरून एकदा स्वतः जोर देऊन बघितला, आणि खिशातून बाटली काढली.

हात चांगलाच हलत होता. झाकण उघडतानाच थोडं बोटांना लागलं. डॉक्टर उगाच दुसरीकडे बघून टायरला लाथ मारायला लागला.

“द्या,” मी हात पुढे केला. “मी काढते.”

“नको.”

ते चाकापाशी वाकले. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ब्रश टेकवला. रेघ बोल्टवरून निघाली, डावीकडे वळली, परत आली, मध्ये दोनदा अडखळली, आणि पत्र्यावर पोचली. ते मागे सरकून तिच्याकडे बघत राहिले. मीही बघत होते. पण त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चेष्टा होती, लग्न ठरल्यावर पहिल्यांदा भेटलो होतो तेव्हासारखी.

“घे,” म्हणाले. “आता ही चोरून काढून दाखव.”

मी खरंच नीट बघितलं. ते वळण, ते अडखळणं, मधला तो जाड ठिपका. माझ्या खडूला आणि माझ्या चांगल्या हाताला ती सात जन्मांत जमली नसती. तसं मी त्यांना सांगितलं. डॉक्टर मागून म्हणाला, “साहेब, या रेघेला हात लावायची तर माझीही छाती नाही,” आणि हसला, आणि या वेळी हेही हसले.

मी खाली बसले, बाटलीचं झाकण लावलं, आणि नेलपॉलिश लागलेला त्यांचा तो हात माझ्या हातात घेतला. तिथेच, गॅरेजात, डॉक्टरच्या देखत. माझ्या हातात तो हलत राहिला. त्यांनी तो काढून घेतला नाही.